सस्पेंड झालेलं डोमेन परत मिळालं, त्यानंतरचे काही महिने: रजिस्ट्रारबद्दलचा अनुभव

एका छोट्या नियतकालिकाची वेबसाइट मी सांभाळते. जुने सगळे अंक तिथेच आहेत. मध्यंतरी आमचं डॉट कॉम डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, सस्पेंड (तात्पुरतं बंद) झालं. ते परत सुरू करून घेतलं आणि नंतर काही महिने त्याच रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीकडे, काढले. कंपनीचं नाव लिहीत नाही. पण डोमेन कुठे घ्यायचं हे ठरवताना एरवी कुणी विचारत नाही अशा गोष्टी यातून कळल्या, त्या सविस्तर लिहिते.

आधी कारण. आयकॅन ही डोमेनचे नियम ठरवणारी जागतिक संस्था. तिच्या नियमानुसार रजिस्ट्रारने वर्षातून एकदा डोमेनधारकाला 'तुमची माहिती तपासा' असा मेल पाठवायचा असतो. तो परत आला, तर पत्ता पुन्हा पडताळायचा. १५ दिवसांत पडताळणी झाली नाही, तर स्वतः चौकशी करून खात्री करायची किंवा डोमेन बंद ठेवायचं. आमच्या डोमेनवर आधीच्या संपादकांचा पत्ता होता आणि तो मेलबॉक्स केव्हाच बंद झाला होता. वार्षिक मेल परत आला. पडताळणीचा मेलही त्याच बंद पत्त्यावर गेला. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. मात्र बिलं ज्या पत्त्यावर नियमित येत होती तो पत्ता आणि चालू फोन नंबर, दोन्ही त्याच खात्यात होते. तिथे एक ओळसुद्धा आली नाही.

वेबसाइट दिसेना तेव्हा सगळ्यांनी होस्टिंगवाल्यांना, म्हणजे वेबसाइटच्या फाइल्स ठेवणाऱ्या कंपनीला, धारेवर धरलं. त्यांचा काही संबंध नव्हता. होस्टिंगचं खातं बंद झालं तर सहसा तसा मजकूर असलेलं पान उघडतं. मुदत संपली असेल तर बरेचदा रजिस्ट्रारचं जाहिरातीचं पान दिसतं. डोमेनवर होल्ड लागला, म्हणजे ते नोंदणीच्या पातळीवरच थांबवलं, की ब्राउझर म्हणतो, हा पत्ताच सापडत नाही. आयकॅनच्या लुकअप (डोमेनची नोंद दाखवणाऱ्या) पानावर डोमेन टाकलं, तर स्टेटस स्पष्ट दिसतं. 'क्लायंट होल्ड' म्हणजे रजिस्ट्रारने लावलेला, 'सर्व्हर होल्ड' म्हणजे त्या विस्ताराची (डॉट कॉम, डॉट ऑर्ग वगैरे) मूळ नोंदवही सांभाळणाऱ्या रजिस्ट्रीने लावलेला. कुणाचं दार ठोठवायचं ते इथेच कळतं. 'रिडेम्प्शन पिरियड' दिसला तर प्रकरण वेगळं. डोमेन डिलीट झालेलं असतं, ३० दिवसांत रिस्टोअर शुल्क भरून सोडवावं लागतं, आणि त्यानंतरच्या ५ दिवसांच्या 'पेंडिंग डिलीट'मध्ये हातात काहीच उरत नाही. हे सगळं डॉट कॉम, डॉट ऑर्ग अशा सर्वसाधारण विस्तारांबद्दल आहे. देशांच्या विस्तारांचे नियम त्या त्या रजिस्ट्रीचे असतात.

आमच्याकडे क्लायंट होल्ड होता. त्यातही गोंधळ असा, की काही वाचकांना वेबसाइट व्यवस्थित दिसत होती. डॉट कॉमच्या नेमसर्व्हर नोंदी (डोमेनची माहिती कोणत्या सर्व्हरवर आहे ते सांगणाऱ्या) ४८ तासांपर्यंत कॅशेत, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, राहू शकतात, त्यामुळे होल्ड लागल्यावरही कुणाला दिसते, कुणाला नाही. 'माझ्याकडे तर चालतेय' या एका वाक्याने आमचा बराच वेळ खाल्ला.

रजिस्ट्रारच्या पॅनेलमध्ये (खात्याच्या पानावर) ईमेल पत्ता बदलला, नवीन लिंक आली, क्लिक केलं, 'पडताळणी पूर्ण' असं आलं. इथवर उत्तम. होल्ड मात्र हटला नाही. सपोर्टने सांगितलं, बदल सगळीकडे पोहोचायला वेळ लागतो, थांबा. हे उत्तर चुकीचं होतं. रजिस्ट्रीच्या नोंदीतच होल्ड तसाच होता, मग पोहोचणार काय? त्याच तिकिटात (सपोर्टकडच्या तक्रारीत) लुकअपमधलं स्टेटस, तपासल्याची वेळ आणि पडताळणीच्या निरोपाचा स्क्रीनशॉट जोडला, आणि 'पडताळणी पूर्ण असताना होल्ड कोणत्या कारणाने ठेवला आहे?' एवढा एकच प्रश्न विचारला. तिकीट वरच्या टीमकडे गेलं आणि होल्ड निघाला. हटला नसता, तर आयकॅनच्या कंप्लायन्स विभागाकडे तक्रारीचा फॉर्म भरणार होते. आयकॅन स्वतः डोमेन सुरू किंवा बंद करत नाही, पण रजिस्ट्रारने करार पाळला का, हे विचारू शकतं.

वेबसाइट परत आली तेव्हा एकही पान हरवलं नव्हतं, कारण फाइल्स होस्टिंगवर सुरक्षित होत्या. नुकसान झालं ते मेलचं, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. मेल सर्व्हर नुसता बंद असेल तर पाठवणाऱ्याकडचा सर्व्हर सहसा काही दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न करतो. डोमेनच सापडत नसेल तर मेल लगेच परत जातो. लेखकांनी पाठवलेलं साहित्य असं परत गेलं. काहींनी पुन्हा पाठवलं, काहींनी नाही. शिवाय इतर सेवांची जी खाती त्या डोमेनच्या पत्त्यावर काढली होती, त्यांचा पासवर्ड बदलण्याची सोयही तेवढ्या काळात नव्हती. म्हणून डोमेनधारकाचा संपर्क पत्ता त्याच डोमेनवर ठेवू नका, ही माझी कळकळीची विनंती. होल्ड लागला की तो सोडवण्याची लिंकसुद्धा पोहोचत नाही.

पुढच्या महिन्यांबद्दल. डोमेनधारकाचा ईमेल बदलल्यामुळे ६० दिवसांचा ट्रान्सफर लॉक लागला, म्हणजे तेवढे दिवस डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही. तो नको म्हणण्याचा पर्याय रजिस्ट्रार देऊ शकतो, आमच्याने दिला नव्हता. त्या काळात त्यांचं पॅनेल मी नीट वापरलं, आणि ते खरंच चांगलं आहे: डीएनएस नोंदी (वेबसाइट आणि मेल कोणत्या सर्व्हरवर आहेत ते सांगणाऱ्या) चटकन बदलतात, टू-फॅक्टर लॉगिन आहे, ऑटो-रिन्यू बिनचूक चाललं. मुदत संपण्याच्या साधारण महिनाभर आणि आठवडाभर आधी आठवण द्यावीच लागते, तीही वेळेवर आली. मात्र दुसरा संपर्क पत्ता जोडायची सोय नाही. इतकं सगळं घडल्यावरही सूचना एकाच पत्त्यावर जातात. माझ्या दृष्टीने हीच सगळ्यात मोठी उणीव.

लॉक संपल्यावर डोमेन दुसरीकडे नेलं. निवडण्याआधी दोन-तीन कंपन्यांच्या सपोर्टला एकच प्रश्न लिहून विचारला: होल्ड लावण्यापूर्वी तुम्ही दुसऱ्या मार्गाने संपर्क करता का? दोघांनी मदतीच्या पानाची लिंक पाठवली. एकीने स्पष्ट लिहिलं, की बिलिंगच्या पत्त्यावरही सूचना जाते. तिच्याकडे गेलो. ऑथ कोड (डोमेन हलवायला लागणारा गुप्त कोड) मिळाला, पाचेक दिवसांत ट्रान्सफर झालं, मुदतीत एक वर्ष वाढलं. आमच्या डीएनएस नोंदी जुन्या रजिस्ट्रारच्याच नेमसर्व्हरवर होत्या, म्हणून त्या आधी नवीन ठिकाणी उतरवून घेतल्या आणि मगच नेमसर्व्हर बदलले. यावेळी एकही मेल परत गेला नाही.

नवीन जागी वार्षिक पडताळणीचा मेल अजून यायचा आहे. तो दोन्ही पत्त्यांवर आला की इथेच लिहीन.