शहागंजच्या मागचा नान खलिया : खलियापेक्षा नानसाठी जा

संभाजीनगरात कुणालाही विचारा की नान खलिया, म्हणजे भट्टीतला नान आन डेगीतलं रस्सेदार मटण, कुठं खायचा, दहा जण दहा ठिकाणं सांगतील आन सगळे बोलतील फक्त खलियाबद्दल, तरी किती होती, मटण किती गळालं होतं, मसाला कसा होता वगैरे. नानचं नाव कुणी काढत नाही. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. बरा खलिया शहरात बऱ्याच ठिकाणी मिळतो, पण धड नान फार थोड्या ठिकाणी मिळतो, आणि जिथं तो भट्टीतून निघाल्या निघाल्या ताटात येतो तिथंच जाऊन खाण्यात मजा आहे. असं एक ठिकाण मला माहितेय आन तिथं मी नेहमी जातो, म्हणून सविस्तर लिहितोय.

शहागंजच्या घड्याळापासून चेलीपुऱ्याकडं निघालात की आत एक बोळ लागतो, तिथं हे दुकान आहे. पाटीवर कसलंच नाव नाही, हिरव्या रंगात 'नान खलिया' एवढंच लिहिलंय आन खाली 'मटन' असं बारीक अक्षरात. बाहेर मोठी डेग, तिच्यामागं मालक उभा, आत लोखंडी पायाची सहा टेबलं, वर माळ्यासारखी जागा जिथं अजून दोन टेबलं बसवलीत. मेनूकार्ड नाही कारण मेनूच नाही. नान, खलिया, कांदा, लिंबू, संपलं. एसी नाही, फोटो काढायला भिंतीवर काही नाही, त्यामुळं रीलवाले इकडं फारसे फिरकत नाहीत.

आता नानकडं येतो. दुकानाला लागूनच नानची भट्टी आहे. ती दुसऱ्याची, या मालकाची नाही, पण मधल्या भिंतीला खिडकी पाडलीय आन नान त्या खिडकीतूनच इकडं येतात. मी एकदा लवकर पोचलो होतो, खलिया उतरायला वेळ होता, म्हणून भट्टीवर जाऊन बसलो. मैद्याचं पीठ पहाटेच मळून फुगवायला ठेवलेलं असतं. एक जण गोळे तोडतो, दुसरा हातानंच थापतो आन बोटांच्या टोकांनी मधोमध दाबून दाबून खळगे पाडतो, तिसरा हळद आन गुळाचं पाणी कापडानं वरून फिरवतो. हे पाणीच आपल्या नानची ओळख. त्यानंच वर तो पिवळा लालसर रंग आन चकाकी येते, आन कडेला भाजताना गूळ किंचित करपतो तिथं जी चव येते ती दिल्ली लखनौच्या नावानं विकल्या जाणाऱ्या बटर नानला कधीच येणार नाही. मग गादीवर घेऊन नान तंदूरच्या भिंतीला चिकटवतात. चिकटवणारा माणूस कमरेपर्यंत आत वाकतो, उन्हाळ्यात त्याच्याकडं बघवत नाही. दोन सळयांनी नान काढला की सरळ खिडकीतून इकडं. वरचा पापुद्रा कडक, आत मऊ, आन तोडला की वाफ.

हाच नान तीन चार तास पडून राहिला की चामड झालाच म्हणून समजा. बहुतेक हॉटेलांत नेमकं हेच होतं, कारण भट्टी स्वतःची नसते, सकाळी गठ्ठ्यानं नान आणून ठेवायचे आन दिवसभर तव्यावर गरम करून द्यायचे. जालना रोडवरच्या एका मोठ्या चकाचक हॉटेलात मी पाहुण्यांना घेऊन गेलो होतो, तिथं नान खलिया 'स्पेशल' म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलेला, आन आलं काय तर बटर लावलेला पांढरा तंदुरी नान आन वाटीत क्रीम घातलेली ग्रेव्ही. बिल आमच्या चौघांच्या इथल्या जेवणाच्या तिप्पट. पाहुणे पुण्याचे, त्यांनी चांगलंय म्हणून खाल्लं, मला मात्र फार वाईट वाटलं की आपल्या गावची चीज यांनी अशी खाल्ली. दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी त्यांना मुद्दाम या बोळात घेऊन आलो.

खलियाबद्दल. तुघलकाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, महंमद तुघलकानं १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, बरोबर एवढी फौज, तिच्यासाठी मोठमोठ्या डेगांत मटण आन खड्ड्यातल्या तंदूरमधी नान, तिथून हे जेवण इथलं झालं असं सांगतात. खरं खोटं इतिहासवाल्यांनी बघावं, पण फौजेचं जेवण हे चवीला पटतं, कारण खलिया दोन माणसांपुरता घरच्या कढईत केला की तसा लागतच नाही. त्याला डेगच पाहिजे, मंद आच पाहिजे, आन भरपूर हाडं पाहिजेत. इथं तांब्याची कल्हई केलेली डेग आहे. वर बोटभर लाल तरी, खाली खोबरं खसखशीच्या वाटणाचा दाट रस्सा, त्यात हळद बऱ्यापैकी, म्हणून रंग लालपिवळा. मटण हाडावरनं नुसतं नानच्या तुकड्यानं ओढलं तरी सुटतं पण धागे धागे झालेलं नसतं, हे जमणं अवघड आहे आन इथं बहुतेक वेळा जमलेलं असतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आपल्याकडं बीड, परभणी, लातूर साईडला घरी मटण म्हणजे काळा मसाला, येसर, कानातनं धूर निघंल असं तिखट. त्या सवयीनं आलात तर पहिला घास सौम्य वाटंल. माझा मेहुणा परळीचा, तो पहिल्यांदा आला तेव्हा हिरवी मिरची मागायला लागला. तिखटासाठी हे जेवण नाहीच. पहिले दोन घास वरची लाल तरी न घेता नुसत्या रश्श्यात नान बुडवून खा, मग तरी मागा. मालक विचारतोच, "तरी मारू क्या?" म्हणून, तेव्हा पहिल्यांदा थोडी म्हणा. नानचा गूळ आन रश्श्याचा खारटपणा मिळून जी चव बनते ती आधी जिभेवर बसू द्या.

रोज सारखाच असतो का? नाही. सोमवार मंगळवारी कधी कधी रस्सा पातळ असतो, दुपारी अडीचनंतर गेलात तर डेगीच्या तळचा मिळतो जो फार खारट झालेला असतो, आन गर्दीच्या दिवशी चांगल्या बोट्या ओळखीच्यांना जातात हे मी डोळ्यानं बघितलंय. मालकाला तसं तोंडावर म्हणलोय पण, चाचा, नव्या माणसाच्या प्लेटमधी नुसती हाडं टाकू नका, तो परत येणार नाही. हसले आन एक नळी वाढली. चांगला माणूस आहे, पण ही सवय सोडायला पाहिजे.

दुसरी तक्रार बायकांच्या बसण्याची. वरच्या माळ्यावर फॅमिली म्हणून दोन टेबलं आहेत पण जिना इतका अरुंद की माझ्या आईला चढताच आलं नाही, आम्ही पार्सल घेऊन घरी गेलो. खाली बसायला कुणी ना म्हणत नाही, पण सगळा पुरुषांचा गोंधळ, उभ्यानं वाट बघणारे लोक टेबलाला टेकलेले, कुठल्या बाईला निवांत जेवता येईल? एक टेबल बाजूला काढून आडोसा केला तरी पुष्कळ होईल. हात धुवायचं बेसिन बाहेर बोळात आहे, तिथं साबण असतोच असं नाही.

पाण्याचं विचाराल तर जारचं पाणी असतं, ग्लास स्वच्छ असतात. या शहरात हॉटेल चालवणाऱ्याचा निम्मा जीव पाण्यातच जातो हे बाहेरच्यांना कळणार नाही. नळाला पाणी येतं ते दिवसांच्या गॅपनं, जुन्या शहरात तर विचारूच नका. जायकवाडी पन्नासेक किलोमीटरवर, आशियातल्या मोठ्या मातीच्या धरणांत नाव, आन इथं डेगी धुवायला टँकर. १६८० कोटींच्या पाणी योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं, तेव्हापासून शहर वाट बघतंय. त्यात एप्रिल २०२० ला महापालिकेची मुदत संपली ती निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली, मधली सगळी वर्षं प्रशासक, म्हणजे गल्लीतल्या दुकानदारानं नळाची, ड्रेनेजची तक्रार न्यायची तर कुठल्या नगरसेवकाच्या दारात न्यायची? जे आता निवडून आलेत त्यांनी जालना रोडवरच्या मोठ्या हॉटेलांच्या उद्घाटनाला जरूर जावं, पण एक चक्कर या बोळातही मारावी. भट्टीसमोरचं ड्रेनेजचं झाकण तुटलेलं आहे आन त्यावर फरशी ठेवून काम चाललंय, पावसाळ्यात तिथून चालणं धोक्याचं आहे.

भट्टीवाल्यांची काळजी जास्त वाटते. डेग लावून खलिया करणारे नवीन पोरं तरी येतायत, ऑनलाइन डिलिव्हरीवर नाव टाकतायत, पण तंदूरमधी वाकायला नवीन पोरगा तयार नाही. या भट्टीवर जो चिकटवायला आहे त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजल्याच्या डागांनी भरलेत आन त्याचा मुलगा वाळूजला कंपनीत लागलाय. भट्टीचा खरा धंदा दुकानांवर चालतही नाही, तो चालतो दावतींवर, वलीमा म्हणजे लग्नानंतरची दावत असली की शेकड्यांनी नान, रमजानला रात्रभर, खुलताबादच्या उरुसाला वेगळी ऑर्डर, इलेक्शनला कार्यकर्त्यांची जेवणं. बाकीचे दिवस कसेबसे निघतात. मैदा महागला, लाकूड महागलं, आन नानचा भाव दोन रुपयांनी वाढवला की गिऱ्हाईक भांडायला उठतं. कृपा करून भांडू नका. ज्या हॉटेलात आपण पाण्याच्या बाटलीचे वरचे पैसे गुपचूप देतो तिथं तोंड उघडत नाही आन तंदूरमधी हात घालणाऱ्याशी दोन रुपयांवरनं वाद घालतो, हे बरोबर नाही.

इथं जेवायला कोण येतं ते बघण्यासारखं आहे. घाटीत, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, पेशंट असलेल्यांचे नातेवाईक पार्सल न्यायला येतात, गावाकडचे लोक, कुणी हिंगोलीचा कुणी अंबडचा, डोळ्यावर झोप आलेली, कमी पैशात पोट भरेल असं पाहिजे असतं. हायकोर्टाच्या खंडपीठात तारखेला आलेले पक्षकार येतात. विद्यापीठातली पोरं तिघांत दोन प्लेट घेऊन नान जास्तीचे घेतात आन रस्सा परत मागतात, आन मालक रस्सा परत देतो, त्याचे पैसे घेत नाही. घाटीचं पार्सल म्हणलं की पिशवीत एक नान जास्त टाकतो, हे मी कितीतरी वेळा बघितलंय, तो स्वतः कधी बोलून दाखवत नाही. मटणाची एक प्लेट दोनशेच्या आसपास पडते, नान वेगळे, दोन नानांत माझ्यासारख्याचं पोट भरतं. मटणाचा सध्याचा भाव बघता याहून कमी कुणी देत असेल तर प्लेटमधी काय आहे ते नीट विचारून खा.

शाकाहारी लोकांनीही भट्टीवर जावं. सकाळी पहिला घाणा निघतो तेव्हा गरम नान आन चहा, बस. आमच्या ऑफिसातले एक जोशी काका कट्टर शाकाहारी, ते महिन्यातून एकदा फक्त नान न्यायला येतात आन घरी लोणी लावून खातात, त्यांचा नातू त्याला गूळपोळीच म्हणतो.

जायचं असेल तर गाडी शहागंजला लावून पायी आत या, बोळात टू व्हीलरसुद्धा अडकते. साडेबारा ते दीड ही वेळ चांगली. शुक्रवारी नमाजनंतर तोबा गर्दी असते, त्या दिवशी एकतर बाराला या नाहीतर येऊच नका. रमजानमधी दिवसा बंद, रात्री सुरू. पार्सल न्यायचं तर स्टीलचा डबा घरून आणा, प्लास्टिकच्या पिशवीत गरम रस्सा घेऊ नका, आन नान कागदात गुंडाळून वेगळे न्या, डब्यात घातले की वाफेनं ओले होतात. घरी काही कार्यक्रम असेल तर भट्टीवाल्याला दोन दिवस आधी सांगावं लागतं, थोडा ॲडव्हान्स घेतो, आन वेळ सांगताना जेवणाची नाही तर नान हातात पाहिजे ती वेळ सांगा, तो त्याच टायमाला तंदूर लावतो.