शुगर-फ्री च्युइंग गम, मिंट: ऑपरेशननंतर पोट सुरू व्हावं म्हणून घेतलेलं (5 पैकी 3.5)

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. सर्जननी चिठ्ठीवर नुसतं 'शुगर-फ्री गम' लिहिलं होतं आणि वॉर्डात जो तो वेगळंच पाकीट घेऊन बसला होता. माझं उजव्या बाजूचं मोठं आतडं दुर्बिणीनं काढलं. मी एसटीचा निवृत्त ड्रायव्हर, जन्मभर तंबाखू चघळलेला, त्यामुळे जबडा तयारच होता. बायकोला मात्र शंका: "एक सुटलं, आता हे दुसरं कशाला लावून घेताय?"

आतड्याला हात लागला की ते काही काळ गप्पच पडतं. पोट टम्म फुगतं, मळमळतं आणि सिस्टर दर फेरीला विचारतात, "काका, गॅस पास झाला का?" सुनेसमोर विचारलं की लाज वाटायची. पुढं पुढं मीच कान टवकारून बसायला लागलो. सर्जन म्हणाले, हाताळल्यामुळं आतड्याला सूज येते, मज्जातंतू त्याची हालचाल दाबून धरतात, वर मॉर्फिनसारखी दुखण्यावरची औषधं त्याला आणखी सुस्त करतात. सुरू व्हायलाही क्रम आहे. लहान आतडं बहुधा 24 तासांच्या आत हलायला लागतं, जठराला 24 ते 48 तास लागतात, मोठं आतडं सगळ्यात शेवटी, 48 ते 72 तासांनी, कधी त्याहून उशिरा. डेपोतून सगळ्या गाड्या एकदम सुटत नाहीत, तसंच.

यात गमचं काम काय? चघळायला लागलं की मेंदूला वाटतं, जेवण आलं. व्हेगस नावाच्या नसेतून खाली निरोप जातो, लाळ आणि पाचकरस सुटतात, आतडी हलायला लागतात. पोटात मात्र काहीच जात नाही. माझ्या मुलीचं मेडिकल आहे, तिनं वाचून सांगितलं: 2002 मध्ये जपानी डॉक्टरांनी मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर हे करून पाहिलं. उपचारांच्या चाचण्या पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2015 च्या आढाव्यात 81 चाचण्या एकत्र तपासल्या. वारा सरायला काही तास कमी लागतात असं दिसलं, पण बऱ्याच चाचण्या साधारण दर्जाच्या होत्या. जिथं पेशंटला लवकर खाऊ घालतात आणि चालवतात, तिथं फरक आणखी कमी.

आता मालाबद्दल. मिंटची चव पाच मिनिटांत संपते, मग रबर. तीन वेळा पंधरा पंधरा मिनिटं चघळायला सांगितलं होतं, म्हणजे दहा मिनिटं निव्वळ ड्यूटी. खालची कवळी असेल तर घेऊच नका. माझ्या कवळीला ते असं चिकटलं की सुनेला टूथब्रशनं खरवडावं लागलं. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलंय की यानं जुलाब होऊ शकतात. शेजारच्या खाटेवरचे गुरुजी ते मोठ्यानं वाचून म्हणाले, "अहो, त्यासाठीच तर घेतलंय!" टाके दुखेपर्यंत हसलो.

वारा सरला तो तिसऱ्या दिवशी पहाटे. गमनं सरला का? छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. नाकातली नळी ठेवलीच नव्हती, ऑपरेशनच्याच संध्याकाळी घोटभर पाणी दिलं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डातल्या मामांनी धरून पॅसेजमध्ये चालवलं होतं. ही पद्धत 1990 च्या दशकात डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी रुजवली म्हणे. मला विचाराल तर मोठा वाटा चालण्याचा. झोपून नुसता गम चघळणाऱ्यानं फार आशा धरू नये.

पण महाग नाही, सुई नाही, आणि उपाशी तोंडाला काहीतरी चाळा मिळतो. तंबाखूची तलफही थोडी मारली गेली, हा माझा वरकड नफा. दीड गुण कापला तो कवळीसाठी आणि चवीसाठी. उलटी होत असेल, गुंगी उतरली नसेल किंवा डॉक्टरांनी सांगितलं नसेल, तर मात्र पाकीट उघडू नका.