स्प्रिंट की कानबान: तुमच्या टीमला काय मानवेल?

स्क्रम ही टीमचं काम आखायची एक पद्धत. तिच्यातला स्प्रिंट म्हणजे कामाचा ठरावीक मुदतीचा टप्पा, जास्तीत जास्त एक महिन्याचा. बऱ्याच टीम दोन आठवड्यांचा ठेवतात. सुरुवातीला प्लॅनिंगमध्ये ध्येय ठरतं, रोज १५ मिनिटं डेली स्क्रम ही बैठक, शेवटी रिव्ह्यू (झालेलं काम दाखवणं) आणि रेट्रोस्पेक्टिव्ह (काम कसं झालं याचा आढावा). कानबान या दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक कामाचं कार्ड फळ्यावरच्या रकान्यांतून पुढे सरकतं. तिथे अशी मुदत नाही, एका रकान्यात एका वेळी किती कार्डं असावीत याची मर्यादा आहे. ‘टेस्टिंग’च्या रकान्याला ३ ची मर्यादा असेल आणि तिथे तीन कार्डं अडकली असतील, तर डेव्हलपरने चौथं पुढे ढकलायचं नाही, आधी टेस्टिंगला हातभार लावायचा.

खरी कसोटी लागते ती मध्येच येणाऱ्या कामाने. चौथ्याच दिवशी “एवढं घ्याच” असा निरोप येतो. स्प्रिंटमध्ये ध्येय धोक्यात येईल असा बदल चालत नाही. प्रॉडक्ट ओनरशी (कोणतं काम आधी करायचं हे ठरवणाऱ्याशी) बोलून एखादं काम बाहेर काढून नवं आत घेता येतं. ध्येयच निरर्थक झालं तर स्प्रिंट रद्द करण्याचा अधिकार फक्त प्रॉडक्ट ओनरला. कानबानमध्ये जागा रिकामी झाली की तातडीचं काम उचललं जातं. म्हणूनच सपोर्ट टीमवर स्प्रिंट लादणं मला अन्यायाचं वाटतं: प्लॅन रोज मोडतो आणि बोल माणसांना लागतो.

नवं प्रॉडक्ट घडवताना मात्र मी स्प्रिंटच निवडेन. दर रिव्ह्यूला चालतं सॉफ्टवेअर समोर ठेवावं लागतं, त्यामुळे चुकीची दिशा लवकर कळते.

मोजमाप? कानबानमध्ये सायकल टाइम, म्हणजे काम हाती घेतल्यापासून पूर्ण होईपर्यंतचा वेळ. स्प्रिंटमध्ये बहुधा वेलॉसिटी, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये पूर्ण झालेले स्टोरी पॉइंट (कामाच्या आकाराचे टीमने अंदाजाने दिलेले गुण). वेलॉसिटीवरून दोन टीमची तुलना करू नका. स्टोरी पॉइंट ज्या त्या टीमचे असतात.