आवडत्या चार बिअर आणि त्यांच्या वाटेतले कायदे

बिअरच्या परीक्षणांत रंग, फेस, सुगंध आणि कडवटपणा यांचे बारकाईने वर्णन असते; मात्र ती बाटली परीक्षकाच्या हाती कोणत्या वाटेने आली, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. माझ्या मते ही वाट चवीचाच एक भाग आहे, कारण बिअर मिळेल की नाही हे तर मद्यविक्रीचे कायदे ठरवतातच, पण ती किती जुनी होऊन आणि किती उष्णतेत पडून राहून मिळेल, हेही बऱ्याच अंशी त्यांच्याच हाती असते. पुढील चार बिअर मला मनापासून आवडतात आणि चौघींच्या वाटेत वेगवेगळ्या तऱ्हेचे नियम येतात.

पहिली पिल्सनर उर्केल. चेक प्रदेशातील प्ल्झेन शहरात १८४२ मध्ये योझेफ ग्रोल या बव्हेरियन बिअरनिर्मात्याने ती प्रथम बनवली आणि आज जगभर विकल्या जाणाऱ्या बहुतेक फिकट सोनेरी बिअर तिच्याच वंशातल्या आहेत. तेथील मृदू पाणी, फिकट माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) आणि झाटेक भागातले हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी एका वेलीची फुले) ही तिची सामग्री. माल्टच्या लगद्याचा काही भाग तीन वेळा बाजूला काढून उकळण्याची जुनी पद्धत तिथे अजून पाळली जाते. त्यामुळे मद्यार्काचे प्रमाण केवळ ४.४ टक्के असूनही तिच्या घोटाला भरीवपणा असतो. आधी पावाच्या खरपूस कडेसारखी गोडसर चव येते आणि मग जिभेवर बराच वेळ रेंगाळणारा स्वच्छ कडवटपणा. ही बिअर ताजीच प्यायला हवी. उष्णतेत ती लवकर शिळी होते, आणि काचेतून प्रकाश पोहोचला की हॉप्समधील कडू घटकांचे विघटन होऊन गंधकयुक्त संयुग तयार होते, ज्याचा उग्र दर्प एकदा ओळखला की विसरता येत नाही. हिरवी काच यापासून तपकिरी काचेइतके संरक्षण देत नाही.

अशा नाजूक बिअरला सर्वाधिक त्रास होतो तो थंड विक्रीवरील बंदीचा. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात २०१८ पर्यंत वजनानुसार ३.२ टक्क्यांहून, म्हणजे आकारमानानुसार सुमारे ४ टक्क्यांहून, अधिक मद्यार्क असलेली बिअर केवळ मद्याच्या दुकानांत आणि तीही थंड न करता विकावी लागत असे. इंडियाना राज्यात आजही किराणा दुकानांना गार बिअर विकता येत नाही. तो हक्क मद्याच्या दुकानांचा आहे. गार बाटली हातात पडताच, कदाचित गाडीतच, उघडली जाईल ही भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पण शीतकपाटाबाहेर आठवडेच्या आठवडे ठेवलेली पिल्सनर घरी नेऊन कितीही गार केली, तरी गेलेला ताजेपणा परत येत नाही. नियम पिणाऱ्यासाठी केलेला असतो आणि त्याची शिक्षा बिअरला होते.

दुसरी गिनेस ड्राफ्ट. तिच्या काळ्या रंगामुळे आणि दाट सायीसारख्या फेसामुळे ती जड आणि मादक असावी असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात मद्यार्क ४.२ टक्केच, म्हणजे अनेक फिकट लागर (पिल्सनरच्या जातीच्या) बिअरपेक्षाही कमी. काळा रंग आणि कोरड्या कॉफीसारखी चव भाजलेल्या बार्लीतून येते, तर मऊपणा नायट्रोजन वायूमुळे. दीर्घ संध्याकाळी सावकाश प्यायला मला याहून योग्य बिअर सुचत नाही. तरीही युटा राज्यातील किराणा दुकानांसाठी २०१९ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत आकारमानानुसार ४ टक्क्यांची मर्यादा होती आणि त्या मोजपट्टीवर एवढी सौम्य बिअरही दोन दशांशांनी जास्त ठरत होती. १ नोव्हेंबर २०१९ पासून ही मर्यादा ५ टक्के झाली. त्या जुन्या मर्यादेमागचा वजनानुसार ३.२ हा आकडा आला तो १९३३ सालच्या अमेरिकी कायद्यातून. देशव्यापी दारूबंदी उठण्याआधी एवढ्या सौम्य बिअरला परवानगी देण्यात आली आणि बंदी उठल्यानंतरही तो आकडा काही राज्यांत पुढची अनेक दशके टिकून राहिला. आइसलंडचे उदाहरण तर अधिकच विचारात टाकणारे आहे: तिथे १९३५ पासून कडक मद्य कायदेशीर होते, पण २.२५ टक्क्यांवरील बिअरला परवानगी मिळायला १ मार्च १९८९ हा दिवस उजाडावा लागला.

तिसरी, आणि माझी सर्वांत लाडकी, ऑर्व्हाल. बेल्जियमच्या दक्षिणेकडील ट्रॅपिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या एका मठात १९३१ मध्ये स्थापन झालेल्या कारखान्यात ती बनते. बाटलीत भरताना तिच्यात ब्रेटानोमायसिस हे रानटी यीस्ट असते आणि ते उरलेली साखर महिनोन्महिने खात राहते. त्यामुळे ताज्या ऑर्व्हालमध्ये हॉप्सचा संत्र्याच्या सालीसारखा सुगंध आणि ठसठशीत कडवटपणा असतो. सहा-आठ महिन्यांनी कडवटपणा मागे सरतो, चव खडखडीत कोरडी होते आणि चामड्याची, सुक्या गवताची, जुन्या तळघराची आठवण करून देणारा गंध पुढे येतो. लेबलवर बाटली भरल्याची तारीख छापलेली असते, ती वाचल्याशिवाय मी ही बिअर कधीही विकत घेत नाही.

हिच्यातील मद्यार्काचे प्रमाण ६.२ टक्के. नॉर्थ कॅरोलायनामध्ये २००५ पर्यंत आणि अलाबामामध्ये २००९ पर्यंत बिअरसाठी ६ टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे तिला तिथे प्रवेशच नव्हता. पुन्हा तेच दोन दशांश! स्वीडनमध्ये मात्र वेगळा अनुभव येतो. तिथे ३.५ टक्क्यांवरील बिअर किराणा दुकानात मिळत नाही, ती सिस्टेमबोलागेट या सरकारी मक्तेदारीच्या दुकानांतूनच घ्यावी लागते. ही दुकाने रविवारी बंद, शनिवारी दुपारी लवकर बंद, आणि बाटल्या गार केलेल्या नसतात. तरीही माझे मत या व्यवस्थेला सर्वस्वी प्रतिकूल नाही. संग्रह विस्तृत असतो, नसलेली बाटली मागवून घेता येते आणि विक्रेत्यांना मालाची जाण असते. शिवाय ऑर्व्हाल शीतकपाटात नसली तरी तिचे काही बिघडत नाही, अंधारे आणि बेताचे थंड कपाट तिला पुरते. जो नियम पिल्सनरला मारक ठरतो, तोच हिला जवळजवळ मानवतो, आणि म्हणूनच सगळ्या बिअरना एकाच नियमात बसवणारे कायदे मला अपुरे वाटतात.

चौथी वेस्टफ्लेटरन १२, मद्यार्क १०.२ टक्के. बेल्जियमच्या पश्चिम टोकाकडील सिंट-सिक्सटस मठाचे साधू ती मठाच्या खर्चापुरतीच बनवतात आणि आगाऊ नोंदणी केलेल्या ग्राहकाला अनेक वर्षे तिथे येऊनच क्रेट घेऊन जावे लागत असे. नोंदणी पूर्वी दूरध्वनीवर होत असे, २०१९ पासून ती संकेतस्थळावर होते. बिअर पुन्हा विकू नये, अशी साधूंची अट असते. इथे ग्राहकाची वाट अडवली आहे ती कायद्याने नव्हे, बनवणाऱ्यानेच, आणि मला ही अडवणूक कोणत्याही सरकारी मर्यादेपेक्षा अधिक समजण्यासारखी वाटते. मनुका, खजूर, जळकी साखर आणि ओल्या लाकडाची चव तिच्यात उतरते, आणि एवढा मद्यार्क घशाला जाणवतही नाही. मात्र जगातली सर्वोत्तम बिअर म्हणून होणारा तिचा गौरव मला थोडा अतिरिक्त वाटतो. रॉशफोर १० ही ११.३ टक्क्यांची ट्रॅपिस्ट बिअर तिच्या अगदी जवळ जाते आणि मिळवायला पुष्कळच सोपी आहे. दोन्ही शेजारी ठेवून प्यायलो तेव्हा मला वेस्टफ्लेटरन किंचित मऊ आणि रॉशफोर किंचित तिखट लागली; एवढ्या फरकासाठी मठापर्यंतचा प्रवास मी एकदा आनंदाने करीन, दर वर्षी नाही.