नागपूर–मुंबई एअर अँब्युलन्स : भरवसा किती, कशावर

नागपूरहून मुंबईला अत्यवस्थ रुग्ण हलवायचा तर बहुधा किंग एअर सी-९० किंवा बी-२०० हे छोटं, दोन पंख्यांचं विमान मिळतं. हवेतला प्रवास दीड-दोन तासांचा. सेवा उपयोगाची आहे, पण जाहिरातीतला वेळ खरा धरू नका. विमान अनेकदा दिल्लीहून रिकामं येतं, त्यातच दोन तास जातात. शिवाय वैमानिकांच्या ड्यूटीच्या तासांना मर्यादा असते. खाटेपासून खाटेपर्यंत सात-आठ तास धरूनच चाला.

फोन उचलणारी कंपनी पुष्कळदा दलाल असते, विमान दुसऱ्याचं. म्हणून आगाऊ रक्कम भरण्याआधी विमानाचा ‘व्हीटी’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक, डीजीसीएचा (हवाई वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा) परवाना असलेल्या ऑपरेटरचं नाव आणि विमान आत्ता कुठे उभं आहे, हे लेखी मागा. ‘बघून सांगतो’ असं उत्तर आलं तर विमान अजून ठरलेलंच नाही, असं समजा.

खरी कसोटी वैद्यकीय पथकाची. केबिनमधला दाब आठ हजार फुटांवरच्या इतका खाली आला की शरीरात अडकलेली हवा सुमारे एक तृतीयांशाने फुगते. श्वासनलिकेतल्या नळीचा कफ (नळी जागेवर धरणारा हवेचा फुगा) त्यामुळे श्वासनलिका दाबतो, आणि उतरताना तोच सैल पडून गळतो. पथकाने कफचा दाब मोजायचं उपकरण सोबत आणलं पाहिजे आणि वर जाताना, खाली येताना दोन्ही वेळा तो २० ते ३० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाइतका ठेवला पाहिजे. न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुप्फुसाबाहेर छातीत हवा साठलेली असेल, तर ती काढणारी नळी उड्डाणापूर्वीच छातीत घातलेली हवी. कवटीत हवा असेल तर केबिन समुद्रसपाटीच्या दाबावर ठेवायला सांगा. त्यासाठी विमान कमी उंचीवरून उडवावं लागतं. वेळ आणि इंधन जास्त लागतं. अशा रुग्णाला बी-२०० बरं, कारण त्याची केबिन सी-९०पेक्षा जास्त दाब धरते.

ऑक्सिजनचा हिशेब स्वतः करा. मिनिटाला १० लिटर लागत असेल तर चार तासांना २,४०० लिटर. त्यावर निम्मा राखीव धरला की ३,६०० लिटर, म्हणजे १,५०० लिटरचे बी टाइप सिलिंडर तीन. एरवी हवेतलाच वेळ मोजला जातो आणि विमानतळावरची खोळंबा-खोळंबी, मुंबईची वाहतूक राहून जाते. सिरिंज पंप (औषध ठरावीक वेगाने देणारं यंत्र) आणि व्हेंटिलेटरच्या बॅटऱ्यांनाही हाच नियम लावा.

विमानाचा दरवाजा अरुंद, स्ट्रेचर तिरका करून आत घ्यावा लागतो. श्वासनलिकेतली नळी निसटण्याची भीती इथेच मोठी, त्यामुळे डॉक्टरचा एक हात फक्त नळीवर असावा. आत घेतल्यावर श्वासाचा आवाज छातीच्या दोन्ही बाजूंनी तपासलाच पाहिजे.

वैमानिकाने ‘हवामान नाही’ म्हटलं तर त्याला सेवेचा दोष मानू नका, घाईही करू नका. २५ मे २०११ रोजी पाटण्याहून दिल्लीला रुग्ण नेणारं विमान वादळी हवेत फरिदाबादच्या वस्तीवर कोसळलं. दहा जीव गेले. उलट ६ मे २०२१ रोजी नागपूरहून रुग्ण घेऊन निघालेल्या सी-९०चं चाक उड्डाण करतानाच निखळलं, तेव्हा वैमानिकांनी ते मुंबईला आणून पोटावर उतरवलं आणि आतले पाचही जण वाचले. वैमानिकाच्या अनुभवाची किंमत अशी असते. ती बिलात वेगळी दिसत नाही, म्हणून आधी विचारावी लागते.

नाशिक–मुंबई किंवा अमरावती–नागपूर अशा अंतराला विमान घेऊ नका. चांगली कार्डिॲक अँब्युलन्स रस्त्याने लवकर पोचते आणि रुग्णाची चढ-उतारही कमी होते. रुग्ण स्थिर असेल तर प्रवासी विमानातला स्ट्रेचर पुष्कळ स्वस्त पडतो, मात्र मेडिफ फॉर्म (रुग्णाच्या प्रकृतीची माहिती विमान कंपनीला देणारा) भरून दोन-तीन दिवस आधी ठरवावं लागतं.

रुग्ण निघण्यापूर्वीच बिघडला किंवा दगावला तर किती रक्कम परत मिळेल, हे पावतीवर लिहून घ्या. मुंबईतल्या आयसीयूची खाट पक्की झाल्याचा निरोपही तिथल्या डॉक्टरच्या नावानिशी हातात असू द्या. तो येईपर्यंत विमान मागवूच नका.