इलफर्ड एचपी५ प्लस: वीटभट्टीच्या उजेडात पारखलेली फिल्म

ब्लॅक अँड व्हाईट फिल्म कुठली घेऊ, असं कुणी विचारलं की मी इलफर्डच्या एचपी५ प्लसचं नाव सांगते. ३५ मिलिमीटर, ४०० आयएसओ (फिल्म किती कमी उजेडात चालते त्याचा आकडा), ३६ फोटोंचा रोल. कारणं सांगायला मात्र जरा जागा लागते, म्हणून हे लिहितेय.

मी ठाणे पूर्वेला, कोपरीत राहते. एका रुग्णालयात एक्स-रे तंत्रज्ञ आहे. नोकरीला लागले तेव्हा एक्स-रे अजून हाताने धुतले जायचे. लाल दिव्याखाली फिल्म हँगरला लावायची, डेव्हलपरच्या (चित्र उमटवणाऱ्या रसायनाच्या) टाकीत सोडायची, मग पाणी, मग हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं फिक्सर. डार्करूम मी तिथे शिकले. पुढे विभाग डिजिटल झाला, टाक्या भंगारात गेल्या, हाताची सवय राहिली. आता सुट्टीच्या दिवशी भिवंडी-पडघ्याच्या बाजूच्या वीटभट्ट्यांवर जाते आणि तिथे राबणाऱ्या कातकरी कुटुंबांचे फोटो काढते. गेली बरीच वर्षं हेच एक काम चाललंय. ही फिल्म मी त्याच उजेडात पारखली आहे. लग्नासाठी किंवा फिरायला जाताना ती कशी, ते दुसऱ्या कुणाला विचारा.

तो उजेड कसा असतो ते आधी सांगते. भातकापणी उरकली, दिवाळी झाली की जव्हार, मोखाडा, शहापूर, मुरबाडकडची कुटुंबं पोराबाळांसकट भट्ट्यांवर येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मालकाकडून आधीच उचल घेतलेली असते. आठवड्याला थोडी खर्ची मिळते, बाकीचा हिशेब हंगामाच्या शेवटी. वेठबिगारी रद्द करणारा कायदा १९७६ चा आहे, पण उचलीचा दोर अजून तुटलेला नाही. ऊन चढायच्या आत जास्तीत जास्त विटा पडाव्यात म्हणून माणसं पहाटे अंधारातच कामाला लागतात. बाई गारा (कालवलेली माती) आणून टाकते, नवरा साच्यातून विटा पाडतो, मोठी पोरं वाळलेल्या विटा उलटत जातात. उजेड म्हणाल तर खांबावरचा एखादा बल्ब, नाहीतर मोबाइलचा टॉर्च. तीच जागा सकाळी दहाला पांढरीफटक झालेली असते. वर कोरडं आभाळ, खाली राख, तुसाचे ढीग, आणि त्यात सावळ्या चेहऱ्याची माणसं डोळे बारीक करून काम करत असतात.

मजुरी हजार विटांवर ठरते. त्यामुळे ‘जरा थांबा, परत एकदा तसंच करा’ असं मी म्हटलं की त्यांच्या विटा कमी पडतात. म्हणून मी तसं म्हणत नाही. फ्लॅशही वापरत नाही, कारण अंधारात काम करणाऱ्याच्या डोळ्यांवर तो मारणं मला पटत नाही. मग जे समोर घडतंय ते, आहे त्या उजेडात, एकदाच टिपायचं. उजेड मोजणारं मीटर नीट बघायला दर वेळी सवड मिळतेच असं नाही. अशा वेळी अंदाज थोडा इकडेतिकडे झाला तरी तो पोटात घालणारी फिल्म लागते, आणि माझ्या अनुभवात एचपी५ प्लसइतकं मोठं पोट दुसऱ्या फिल्मचं नाही. एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) जास्त उजेड पडला तरी निगेटिव्ह दाट होते एवढंच, तिच्यावरून प्रिंट निघते. एक स्टॉप कमी पडला तरी चेहरा हाती लागतो. फिल्म कशी निवडावी, याचं माझ्यापुरतं सगळं गणित एवढ्यात आलं.

पहाटेसाठी मी तिला १६०० आयएसओला वापरते. कॅमेऱ्यावर आकडा १६०० लावायचा आणि नंतर डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायची. नवीन मुलांना इथे एक गोष्ट सांगावी लागते: वाढवलेला वेळ अख्ख्या रोलला लागतो. अर्धा रोल १६०० ला आणि अर्धा ४०० ला, असं जमत नाही. म्हणून पहाटेचा रोल वेगळा. उजाडलं की तो गुंडाळून घेते, त्यावर मार्करने १६०० लिहिते आणि दुसरा भरते. दुपारचा रोल मी उलट २०० ला वापरते आणि वेळ पाचवा हिस्सा कमी करते. ओढणीच्या सावलीतले डोळे काळे पडत नाहीत आणि राखेचा पांढरेपणा फाटत नाही. १६०० ला दाणा (चित्रातले बारीक ठिपके) ठळक होतो, सावल्या बऱ्याच बुडतात, हे खरं. पण पाच बाय सातच्या प्रिंटमध्ये तो दाणा मला खटकत नाही.

रात्री पेटलेल्या भट्टीचे फोटो ट्रायपॉड लावून घ्यावे लागतात. अर्ध्या सेकंदाच्या पुढे एक्सपोजर गेलं की फिल्म सुस्तावते आणि मीटरचा आकडा पुरत नाही. एचपी५ प्लससाठी इलफर्डचा हिशेब असा की मोजलेल्या सेकंदांचा १.३१ वा घात करायचा. मीटर १० सेकंद म्हणत असेल तर २० सेकंद द्यायचे. मी हा तक्ता कार्डावर लिहून कॅमेऱ्याच्या पट्ट्याला बांधलाय. कॅमेरा निकॉन एफएम२ आहे, पूर्ण यांत्रिक. बॅटरी संपली तरी त्याचं शटर चालतं, आणि भट्टीवर बॅटरीचं दुकान नसतं.

आता धुण्याबद्दल, म्हणजे फिल्म डेव्हलप करण्याबद्दल. फिल्मच्या परीक्षणांत तक्ता बहुतेक २० अंशांचा असतो. ठाण्यात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी हाताला गरम लागतं. आयडी-११ हे इलफर्डचं डेव्हलपर एकास एक पाण्यात पातळ केलं तर एचपी५ प्लसला २० अंशांवर १३ मिनिटं लागतात. मी २० चा हट्ट धरत नाही. परातीत बर्फाचं पाणी घेऊन त्यात सगळ्या बाटल्या उभ्या करते आणि २४ अंशांवर आणते. तिथे साधारण ९ मिनिटं पुरतात. त्याहून गरम ठेवलं तर वेळ फार आखूड होतो आणि फिल्मवर पट्टे पडायची भीती वाढते. डेव्हलपर, स्टॉप बाथ (डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण), हायपो आणि धुण्याचं पाणी चारही एकाच तापमानाला हवेत. गरमातून एकदम गारात गेली तर जिलेटीन आकसतं आणि त्यावर जाळी पडते. एचपी५ प्लसने हे ठाण्याचं तापमान निमूट सोसलंय, धार आणि दाणा दोन्ही जागेवर.

पाण्याचा दुसरा प्रश्न म्हणजे ते असणं. पाणीपुरवठ्याच्या शटडाऊनच्या दिवशी नळाखाली फिल्म धुवत बसणं परवडत नाही, आणि मला ते बरंही वाटत नाही. सोसायटीत टँकर मागवला जात असताना माझ्या फिल्म धुण्याच्या टाकीतून अर्धा तास पाणी वाहू द्यायचं कसं? इलफर्डची स्वतःची एक पद्धत आहे, ती इथे सोन्यासारखी उपयोगी पडते. हायपोनंतर टाकी ताज्या पाण्याने भरायची, ५ वेळा उलटसुलट करायची, ओतून द्यायची. पुन्हा भरून १० वेळा. पुन्हा भरून २० वेळा. झालं. रॅपिड फिक्सरसारखं, फिल्मचा थर कडक न करणारं हायपो वापरलेलं असलं पाहिजे, एवढीच अट. शेवटची खळखळ मी मेडिकलमधून आणलेल्या डिस्टिल्ड वॉटरने करते, त्यात वेटिंग एजंटचे (पाणी फिल्मवरून सहज ओघळू देणाऱ्या द्रवाचे) थेंब टाकून, म्हणजे टँकरच्या पाण्याचे पांढरे डाग राहत नाहीत.

वापरलेलं हायपो मोरीत ओतू नका. त्यात चांदी उतरलेली असते. आमच्या विभागात पूर्वी जुनं हायपो कॅनमध्ये साठवायचे आणि चांदी काढणारे येऊन पैसे मोजून घेऊन जायचे. घरच्या डार्करूममध्ये तेवढं साठत नाही, तरी मी कॅन भरून ठेवते आणि चांदी काढणाऱ्याकडेच देते. कोपरीचं सांडपाणी शेवटी खाडीकडे जातं आणि चेंदणी कोळीवाड्यातली माणसं त्या खाडीवर जगत आली आहेत.

पावसाळ्यात या फिल्मची एक कटकट होते. हवेतल्या ओलाव्याने ती फुगते आणि टाकीतल्या प्लॅस्टिकच्या स्पूलवर, म्हणजे ती गुंडाळायच्या चक्रीवर, अर्ध्यात अडकते. पूर्ण अंधारात, घामेजल्या हातांनी ती सोडवणं सोपं नसतं. (एक्स-रेला चालणारा लाल दिवा इथे चालत नाही, ही फिल्म लाल रंगही बघते.) स्पूल आदल्या रात्रीपासून तांदळाच्या डब्यात ठेवली तर काम सरळ होतं. फ्रीजमधला रोल बाहेर काढल्यावर डबीतच तासभर राहू द्या, नाहीतर त्यावर दव धरतं. आणि फोटो काढून झालेला रोल मात्र महिनोन्महिने ठेवू नका, आपल्या हवेत लवकर धुतलेला बरा.

उणीव सांगायची तर पहिली किंमत. मी शेवटचे रोल मुंबईतल्या बोरा बाजारातून घेतले तेव्हा एक रोल हजाराच्या घरात पडला. ऊटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची इंदू फिल्म मिळायची तो काळ संपला, आता ब्लॅक अँड व्हाईटसाठी आपण पूर्णपणे आयातीवर आहोत. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण कुठल्याही होतकरू पोराला या खर्चाने पहिल्याच पायरीवर अडवलं जातं. दोघातिघांनी मिळून १०० फुटांचा डबा घ्या. त्यात ३६ चे १८-१९ रोल भरता येतात आणि रोलमागे बऱ्यापैकी वाचतात. दुसरी उणीव अशी की ढगाळ दिवशी ही फिल्म सपाट दिसते. स्कॅनवर तर फारच राखाडी. हा सपाटपणा निगेटिव्हमध्येच राहू दे, कागदावर सोडवता येतो. मल्टिग्रेड कागद (फिल्टर बदलून काळ्या-पांढऱ्यातला फरक कमीजास्त करता येतो असा) आणि ००पासून ५पर्यंतचे फिल्टर त्यासाठीच आहेत. मी बहुतेक वेळा ३ पासून सुरुवात करते.

कंपनीबद्दल एवढंच, की लांब पल्ल्याच्या कामाला सातत्य लागतं. एचपी ही मालिका १९३० च्या दशकापासूनची, आजची एचपी५ प्लस १९८९ ची. २००४ मध्ये इलफर्डचा ब्रिटनमधला कारभार बुडीत निघाला होता. पुढच्या वर्षी तिथल्याच व्यवस्थापकांनी तो विकत घेऊन हार्मन टेक्नॉलॉजी या नावाने चालू ठेवला, फिल्म अजून चेशरमधल्या मोबर्लीत बनते. माझ्या पहिल्या हंगामातली निगेटिव्ह आणि या हंगामातली निगेटिव्ह एन्लार्जरखाली (निगेटिव्ह मोठी करून प्रिंट काढणाऱ्या यंत्राखाली) शेजारी ठेवल्या तर एकाच कामातल्या वाटतात. तेव्हा आईच्या पाठीवर असलेली मुलगी आता स्वतः विटा उलटतेय, हे त्या दोन निगेटिव्हमधून दिसावं आणि मध्ये फिल्मचा फरक येऊ नये, हे मला हवं होतं.

फिल्मच का, मोबाइल का नाही, असंही विचारतात. माझ्यासाठी याचं उत्तर प्रिंटमध्ये आहे आणि थोडं जबाबदारीतही. उचलीत अडकलेल्या माणसाचा चेहरा भलत्या हाती पडला तर मालक त्याला जाब विचारू शकतो. निगेटिव्ह माझ्या कपाटात असते, कुठे उडत जात नाही. ज्यांनी स्पष्ट हो म्हटलंय त्यांचेच फोटो मी बाहेर दाखवते, भट्टीचं आणि माणसांचं नाव न घालता, आणि मुलांचे चेहरे अजिबात नाहीत. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचं जे काम ब्लॅक अँड व्हाईटमध्ये केलं, ते बघून मला पहिल्यांदा कळलं होतं की घाणीत उभ्या असलेल्या माणसाचा फोटो काढतानाही त्याची मान ताठ ठेवता येते.

प्रिंट आधी त्यांना, मग दुसऱ्या कुणाला, हा क्रम मी पाळते. एका भट्टीवर एक बाई म्हणाल्या होत्या, “ताई, आईचा एक फोटो काढून द्या, घरात तिचा एकपण नाही.” आजी भोंग्याच्या, म्हणजे भट्टीवरच्या झोपडीच्या, दाराशी बसल्या होत्या, आत अंधार, बाहेर रणरण. मी त्यांच्या गालावर मीटर धरलं आणि बाकी फिल्मवर सोपवलं. निगेटिव्हमध्ये सुरकुत्याही होत्या आणि मागच्या कुडाच्या काड्याही. प्रिंट करताना फक्त बाहेरचा उजेड थोडा जास्त भाजला, म्हणजे कागदाच्या तेवढ्या भागाला जास्त वेळ प्रकाश देऊन गडद केला. पुढच्या खेपेला नेऊन दिल्यावर आजींनी तो बराच वेळ उलटा धरून पाठीमागचा कोरा कागद पाहिला, मग म्हणाल्या, “आणि एक दे, लेकाकडं पाठवते.”

तेव्हापासून मी प्रत्येक प्रिंट दोन काढते. कागद आरसी घ्या, म्हणजे प्लॅस्टिकचा थर असलेला. फायबरचा दिसायला देखणा असतो, पण त्याला धुवायला पाणी फार लागतं, आणि पावसाळ्यात गळणाऱ्या घरात आरसीच जास्त टिकतो. मागे पेन्सिलने महिना आणि साल लिहा, शाई ओलीने पसरते. आणि फिल्म मागवताना हंगामाची सगळी एकाच बॅचची मागवा, खोक्यावरची मुदत बघून. दुकानदाराला आधी फोन केला तर तो काढून ठेवतो.