नाव पाहिले, मंजूर मजले पाहिले नाहीत

पनवेलजवळच्या एका मोठ्या गृहसंकुलात २०१८ साली मी गुंतवणूक म्हणून दोन सदनिका नोंदवल्या. विकासक नावाजलेला होता. त्याचे पूर्ण झालेले तीन प्रकल्प मी स्वतः हिंडून पाहिले होते, रहिवाशांशी बोललो होतो, गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाक्यांची गळतीसुद्धा तपासली होती. एवढी पायपीट केल्यावर आपण डोळे झाकून पैसे टाकत नाही, अशी माझी पक्की समजूत झाली आणि तिथेच मी फसलो.

पावतीवर कंपनीचे नाव वेगळे होते. ‘ग्रुपचीच कंपनी आहे, साहेब,’ असे विक्री प्रतिनिधी म्हणाला, आणि ते खोटे नव्हते. मात्र मोठे विकासक बहुधा प्रकल्पागणिक स्वतंत्र कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी संस्था) काढतात आणि महारेरा या राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाकडची नोंदणीही टप्प्याटप्प्याने होते; त्यामुळे ज्या तीन प्रकल्पांवर मी विसंबलो, त्यांच्या मालमत्तेतून माझे पैसे परत करण्याचे कोणतेही बंधन कुणावर नव्हते.

प्रति चौरस फूट चारशे रुपयांच्या सवलतीसाठी मी नुसत्या वाटपपत्रावर, म्हणजे सदनिका माझ्या नावे राखल्याच्या विकासकाच्या पत्रावर, २५ टक्के रक्कम भरली. नोंदणीकृत करारनाम्याआधी १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या कलम १३ नुसार मनाई आहे, हे मला ठाऊक होते. सवलतीपुढे मी ते सोयीस्करपणे विसरलो.

माहितीपत्रकावरचा महारेरा क्रमांक पाहून मी निश्चिंत झालो होतो. तो संकेतस्थळावर टाकून पाहिला तो तीन वर्षांनी, बाराव्या स्लॅबनंतर काम थांबले तेव्हा. माझ्या सदनिका एकोणिसाव्या मजल्यावर होत्या. मंजूर मजल्यांच्या रकान्यात आकडा होता १२. ताब्याची तारीखही माहितीपत्रकापेक्षा अडीच वर्षे पुढची होती.

ताबा न मिळाल्याने रेराच्या कलम १८ खाली व्याजासह परताव्याचा आदेश मिळाला, तरी पैसे आले नाहीत. आदेश न पाळल्यास वसुलीचे वॉरंट निघते आणि जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली होते. माझे वॉरंट तहसील कार्यालयात पोचले तेव्हा कळले की, प्रकल्पाच्या जमिनीखेरीज या कंपनीच्या नावावर काहीच नाही आणि ती जमीनही एका वित्तसंस्थेकडे गहाण आहे. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर हा बोजा २०१७ पासून नोंदलेला आहे, म्हणजे माझ्या पहिल्या धनादेशाच्या सात महिने आधीपासून.